आमची पार्टी : अहात्यापासून लग्नघरापर्यंत

आमच्या गाण्या-बजावण्याच्या पार्टीत सुरुवातीला आम्ही तिघेच. मी अकॉर्डियनवर, धाकटा भाऊ ढोलकीवर आणि गायला परदेशीपुऱ्याचा एक भिया. इंदूरच्या मिल भागातल्या एका अहात्यात, म्हणजे दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायच्या जागेत, शनिवारी बसायचो. शेजारी कलाली, वर टिनाचं छप्पर, टेबलाटेबलावर शेवेच्या पुड्या. पिणाऱ्याला सूर कळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिथे एकदा अंतरा चुकवून बघावा! अनंत चतुर्दशीच्या झाक्यांबरोबर, म्हणजे चित्ररथांबरोबर, रात्र-रात्र बँड ऐकलेली माणसं ती.

त्यांतलेच एक काका. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, तेव्हापासून थकलेल्या पैशांची वाट बघणारे. पुढचं टेबल, एक क्वार्टर, आणि बोटातल्या अंगठीने टेबलावर ठेका. "मास्तर, पैसे आले की नातीच्या लग्नात तुमची अख्खी पार्टी," हे दर शनिवारी.

मधली वर्षं बरी गेली. कीबोर्ड आला, रोलंडचा एसपीडी-20 ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, आला. आठ पॅड, खालच्या रांगेत डग्गा, वर चाट आणि घुंगरू, अशी आमची मांडणी. तिसऱ्या पॅडचं रबर झिजलंय, तिथे काठी जरा आधी टाकावी लागते. नवा पोरगा बसवला की तो तिथेच मात खातो.

हे सगळं ज्याला शिकवलं, तो कीबोर्डवाला ऐन लगीनसराईत गेला. जाताना डायरीतले नंबर उतरवून नेले आणि आमच्याच नावापुढे 'न्यू' लावून पार्टी काढली. पेन ड्राइव्हवर ट्रॅक, गायकाचे नुसते ओठ हलतात, भाव आमच्या निम्मा. हॉलवाले गिऱ्हाइकाला सांगायचे, तीच पार्टी आहे, नाव बदललंय. त्यातच 1 एप्रिल 2023 पासून सरकारने राज्यातले अहाते बंद केले. दारू कमी झाली का ते सरकार जाणे, आमचे शनिवार गेले. अकॉर्डियन विकायला काढलं होतं, पण येईल तो भंगाराचा भाव सांगे.

त्याच वर्षी 25 डिसेंबरला मिल कामगारांच्या 224 कोटींचा निकाल लागला. काका घरी आले. नात तोवर दोन लेकरांची आई झालेली, म्हणून नातवाच्या लग्नाची तारीख दिली. भाव कमी करतो म्हटलं तर रागावले. त्यांच्या ओळखीने त्या भागातली आणखी कामं आली आणि पार्टी उभी राहिली.

धंद्यात नवीन येणाऱ्यांनी एवढं करावं : विसार हातात पडल्याशिवाय डायरीत तारीख लिहू नये, जनरेटरचं अर्थिंग स्वतः बघावं, आणि रात्री दहाला स्पीकर बंद करायचाय हे नवरदेवाच्या मामाला आधीच सांगून ठेवावं. भांडायला तोच येतो.

'न्यू'वाल्यांना हल्ली खरी ढोलकी लागली की आमच्या भावाला रोजीवर मागतात. विसार घेऊन पाठवतो. ऑक्टोपॅड मात्र देत नाही.