गावात जाऊन येतो

सांगलीच्या विश्रामबाग या उपनगरात घर घेऊन आम्हाला सत्तावीस वर्षे झाली, तरी गणपती पेठेकडे निघताना मी आजही दारातून 'गावात जाऊन येतो' असेच सांगतो. अंतर म्हणाल तर जेमतेम चार किलोमीटर. आमचा पिन कोड ४१६४१५ आणि पेठेचा ४१६४१६, म्हणजे टपाल खात्याच्या लेखी आम्ही अगदी शेजारी. तरीही मारुती चौक, हरभट रोड, कापड पेठ आणि कृष्णेचा घाट एवढेच काय ते गाव, आणि आपण राहतो ती फक्त राहण्याची जागा, ही समजूत इतकी मुरलेली आहे की सांगलीतच राहून सांगलीला जाण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

आमच्या चौकात वडापच्या, म्हणजे माणशी भाडे घेणाऱ्या, रिक्षा उभ्या असतात. एका बाजूचा चालक 'सांगली, सांगली' म्हणून हाका मारतो, समोरचा 'मिरज, मिरज' म्हणून. जिथे उभे राहून हे दोघे ओरडतात त्या जागेचे नाव मात्र कोणाच्याच तोंडी नसते. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महापालिका झाली; पण रिक्षावाल्यांनी तिची दखल घेतल्याचे दिसत नाही.

खरे तर विश्रामबाग काही कालपरवाची नाही. इथले विलिंग्डन महाविद्यालय १९१९ सालचे, वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ सालचे. आमच्या काकूंच्या मते मात्र आम्ही 'रानात' राहायला गेलो. पेठेतला वाडा सोडून, जिथे खिडकीतून हाक मारली की वाणी पुडी बांधून ठेवतो ते सोडून, रुंद रस्ते आणि संध्याकाळची शांतता यांच्यासाठी कोणी चार किलोमीटर लांब का जावे, हे त्यांना कधीच पटले नाही. त्यांचे सगळेच चूक होते असे नाही. आमच्या कोपऱ्यावर आता सारे काही मिळते, भडंगसुद्धा मिळते; पण लग्नाचा बस्ता, सोने आणि पूजेचे साहित्य यांसाठी पाय आपोआप गावाकडेच वळतात. गाडी लावायला तिथे तसूभर जागा नसते म्हणून वडापने जायचे, येताना दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दाटीवाटीने बसून यायचे, आणि घरी पोहोचल्यावर इथली मोकळी हवा किती बरी, असे म्हणायचे. उपनगराचे निम्मे सुख गाव हाकेच्या अंतरावर असण्यात आणि उरलेले निम्मे तिथून परत येण्यात आहे, असे मला वाटते.

ऑगस्ट २०१९ मध्ये ही वाट उलटी झाली. एरवी आम्ही पुराची चौकशी कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजलेल्या फुटांत करतो. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर गेले, बाजारपेठ बुडाली आणि गाव आमच्याकडे राहायला आले. आमच्या गल्लीत पाणी नव्हते, त्यामुळे प्रत्येक घरात पेठेतले कोणी ना कोणी होते. आमच्याकडे काकू होत्या. पहिले दोन दिवस त्या गच्चीतून नुसत्या पश्चिमेकडे पाहत बसल्या. तिसऱ्या दिवशी भाजीवाला कुठे बसतो ते विचारून घेतले, आणि पाचव्या दिवशी तर भावात घासाघीस करून कोथिंबिरीची जुडी फुकट घेऊन आल्या.

त्याच संध्याकाळी पुण्याहून त्यांच्या बहिणीचा फोन आला. पेठेत राहणारी माणसे पेठेला कधीच गाव म्हणत नाहीत, ती नुसते 'घरी' म्हणतात. काकूंनी फोन कानाला लावला आणि मोठ्या आवाजात सांगितले, "अगं, मी सुखरूप आहे, विश्रामबागेत आहे. पाणी तिकडे गावात आलंय."