नको म्हणायचं नाही, माऊली

वारीहून आल्यापासून दुकानात येणारा प्रत्येक जण एकच विचारतोय, किती चाललात आणि पाय दुखले का. चाललो पैठणपासून पंढरपूरपर्यंत, नाथ महाराजांच्या, म्हणजे संत एकनाथांच्या पालखीसोबत, आणि पाय दुखतातच, त्यात काय सांगायचं. मला सांगायचंय ते घेण्याबद्दल. द्यायचं कसं हे आपल्याला लहानपणापासून शिकवतात, वाटून खावं, दारी आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवू नये वगैरे. पण कुणी काही दिलं तर ते नीट घ्यायचं कसं हे कुणी शिकवत नाही, मला तरी नव्हतं शिकवलं. ते या वाटेवर शिकले, आणि शिकवलं माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, आणि रस्त्याच्या कडंला उभं राहिलेल्या लोकांनी ज्यांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत.

टीव्हीवर वारी म्हणलं की आळंदी-देहूच्या पालख्या आणि दिवेघाट दिसतो, चांगलंच आहे, पण आपल्या मराठवाड्याच्या वाटा फार कुणी दाखवत नाही म्हणून थोडं सांगते. नाथांची पालखी पैठणहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते. शेवगावच्या बाजूनं बीड जिल्ह्यात येते, रायमोहा, पाटोदा, मग दिघोळ, खर्डा, तिथून परंडा, कुर्डू, करकंब असं करत आषाढ शुद्ध दशमीपर्यंत पंढरपूर. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणी, परळी, अंबाजोगाईवरनं जाते, मुक्ताबाईंची जालना-बीडवरनं. म्हणजे ज्येष्ठ-आषाढात आपल्याकडचा कुठला ना कुठला रस्ता टाळांच्या आवाजानं भरलेलाच असतो.

माझं गावात छोटं मेडिकल आहे. त्यामुळं निघताना मी मोठी पिशवी भरून घेतली, पट्ट्या, मलम, ओआरएसची पाकिटं, पोटदुखी-तापाच्या गोळ्या. मनात होतं की आपण चालता चालता लोकांची सेवा करू. ती झालीपण, संध्याकाळी तळावर राहुटीपुढं लोक पाय घेऊन बसायचे, कुणाला गुडघा, कुणाला जांघेत घासलेलं, आणि मला ते करताना एकदम बरं वाटायचं. अवघड जायचं ते दिवसा. रस्त्यानं चालताना दर पन्नास पावलांवर कुणीतरी काहीतरी घेऊन उभं, चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटाचे पुडे, कुठं पिठलं-भाकरी. आणि मी आपली नको नको करत पुढं. पोट भरलेलंय, बाटलीत पाणी आहे, कशाला कुणाला खर्चात पाडायचं, असा माझा हिशोब.

आत्याबाई काही बोलल्या नाहीत दोन मुक्काम. मग एका विसाव्याला पाय पसरून बसल्या होत्या तेव्हा म्हणल्या, "अगं सुनबाई, ती पोरगी पहाटंपासनं केळाची पाटी घेऊन उभी हाय, तू तिला नको म्हणलीस. वारीत नको म्हणायचं नाही. पोट भरलं आसंल तर कपाळाला लाव आन पिशवीत टाक, पुढं कुणाच्या तरी लेकराला दे, पण घे." मग मी त्यांच्याकडं बघायला लागले. दिंडीतली कुठलीच जुनी बाई नको म्हणत नाही. हात पुढं करायचा, घेतलेलं कपाळाला लावायचं, देणाऱ्याला वाकून रामकृष्ण हरी म्हणायचं आणि चालायचं. थांबून आभार मानत बसत नाहीत, त्यानं मागची सगळी ओळ अडती.

रायमोह्याच्या पुढं बालाघाटाचे डोंगर लागतात, चढ आहे, झाडी कमी आणि ऊन असलं तर लै लागतं. तिथं एका वस्तीच्या तोंडाशी एक बाई होती, चाळिशीच्या आतबाहेरची. तिच्यापाशी एक स्टीलची कळशी आणि एक तांब्या, बस. लाडू नाही, मांडव नाही, स्पीकर नाही. प्रत्येकाच्या ओंजळीत पाणी घालायची आणि पाया पडायची. उन्हाळ्यात तिकडं टँकर येतो हे मला माहिती होतं, आमच्याकडंही येतो, हंडाभर पाणी म्हणजे काय असतं हे मला कुणी सांगायला नको. आत्याबाईंच्या खांद्याला भरलेली बाटली लटकत होती तरी त्या थांबल्या, ओंजळ केली, दोन घोट प्यायल्या आणि ओला हात डोळ्यांना लावला. मग मीपण.

विसावा जवळच होता म्हणून आम्ही तिच्या ओट्यावर टेकलो. ती ऊसतोडीला जाणारी. दिवाळीच्या आगंमागं टोळी निघती, नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ पैसे आधीच घेतलेले असतात, ते फिटंपर्यंत उसाचा फड सोडता येत नाही, घरी यायला पाडवा होतो. मी सहज विचारलं, बाई, इतक्या लोकांना पाणी पाजता, दमत नाही का. ती म्हणली, "ताई, माझी दिवाळी फडात, संक्रांत फडात, होळीबी कधीकधी फडातच. घरच्या दारात पाहुणा यावा आसा येवढा एकच सण हाय माझ्या वाट्याला." 

मी तिथं काही बोलू शकले नाही. तोपर्यंत मी धरून चालले होते की घेणारा लहान होतो आणि देणाऱ्यावर भार पडतो. तिच्याकडं बघून कळलं की नको म्हणून आपण तिचा सण मोडला असता. देणाऱ्याला द्यायला मिळालं पाहिजे आणि त्यासाठी कुणीतरी हात पुढं केला पाहिजे, एवढं साधं आहे, पण मला तिथं डोंगरात कळलं.

त्या रात्री कीर्तनात महाराजांनी नाथांच्या गोष्टी सांगितल्या, आपण सगळ्यांनी ऐकलेल्याच. काशीहून रामेश्वराला नेत असलेल्या कावडीतलं गंगेचं पाणी नाथांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, ती एक. आणि दुसरी श्रीखंड्याची, देव स्वतः गडी होऊन नाथांच्या घरी बारा वर्षं पाणी भरत होता ती. पैठणला अजून नाथवाड्यात तो रांजण आहे, नाथषष्ठीच्या दिवसात लोक गोदावरीचं पाणी आणून तो भरतात. मी एवढ्या वेळा ऐकलंय पण त्या रात्री पहिल्यांदा डोक्यात आलं की पहिल्या गोष्टीत नाथ देणारे आहेत आणि दुसरीत घेणारे. बारा वर्षं कुणाच्या तरी हातचं पाणी प्यायले, तो कोण कुठला हे न विचारता. आपण पहिली गोष्ट पोरांना सांगतो, दुसरी चमत्कार म्हणून सोडून देतो. मला आता दुसरी जास्त जवळची वाटते.

एकदा हे डोळ्यात बसलं की मग सगळीकडं तेच दिसायला लागलं. दिंडीत वीणा असते ना, ती खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून थेट दुसऱ्याच्या गळ्यात. मी एकदा अगदी शेजारी उभी होते. घेणारा पोरगा विशीतला असंल, कॉलेजचा, देणारे आजोबा सत्तरीच्या पुढचे. पोरगा आधी वीणेच्या पाया पडला, मग आजोबांच्या, आणि आजोबा त्याच्या पाया पडले. सत्तरीचा माणूस विशीतल्या पोराच्या. तार वाजतच होती, आजोबांचं बोट सुटलं आणि पोराचं लागलं, मधी गॅपच नाही. पोराचा चेहरा इतका गंभीर होता की मी टाळ वाजवायची थांबले. 

पाया पडण्याचं तर वारीत असंच आहे, तुम्ही वाकलात की समोरचा वाकणारच, मग तो सरपंच असो की झाडूवाला, बाई असो की गडी. घरी वर्षभर मीच आत्याबाईंच्या पाया पडते, सणावाराला. वारीत पहिल्या दिवशी प्रस्थानाच्या वेळी त्या माझ्या पाया पडल्या. मी मागं सरकले तर म्हणल्या, "हालू नगस, हितं तू माऊली हायस." ते घेणं मला केळ्यापेक्षा लै जड गेलं, खरंच.

आमच्या फोडांचं पण सांगते, कारण चालणाऱ्यांना उपयोगी पडंल. टाचेला फोड आला की जुनी माणसं सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढतात आणि दोरा तसाच ठेवतात, पाणी हळूहळू निघून जातं आणि वरची कातडी शाबूत राहती. मेडिकलवाली म्हणून मी सुई-दोरा स्पिरिटनं पुसल्याशिवाय कुणाला हात लावू दिला नाही, आणि शुगर असलेल्यांनी तर हे अजिबात करू नये, डॉक्टरांच्या गाडीपाशीच जायचं. पण माझ्या टाचेला आला तेव्हा एका अनोळखी आजीनं माझा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. मातीनं भरलेला पाय, तिच्या स्वच्छ लुगड्यावर. मी ओढायला लागले तर तिनं घोटा घट्ट धरला, "गप बस, दुसऱ्याचे पाय चेपती ना रोज? आता तुझा नंबर." दोरा ओवला, खोबऱ्याचं तेल चोळलं आणि निघून गेली. पुन्हा दिसलीच नाही, एवढ्या गर्दीत दिसणार कशी.

सगळं गोड गोड होतं असं नाही. बायकांच्या संडास-आंघोळीचे हाल अजून आहेत, फिरती शौचालयं असतात पण पुरत नाहीत, म्हणून बायका रात्री दोन-अडीचला उठून अंधारात आवरतात आणि दिवसा पाणी कमी पितात, त्यामुळं चक्कर येणाऱ्यांत बायकाच जास्त. हे मी पिशवी घेऊन बसत होते म्हणून सांगते. आणि प्लास्टिकचे ग्लास! आपल्यामागं पडलेला तो पांढरा सडा बघून वाईट वाटायचं. दिंडीत एक काकू होत्या, कमरेला दोरीनं स्टीलचा पेला बांधलेला, चहा, पाणी, ताक सगळं त्यातच घ्यायच्या. परंड्याच्या बाजारात मीपण पेला घेतला, माझं बघून अजून दोघी-तिघींनी घेतला. प्रेमानं देणाऱ्याच्या गावात कचरा टाकून जायचं हे काही घेणं नाही.

आणि ती साड्या वाळवायची पद्धत, ती तर मी व्हिडिओ काढून घेतली. पहाटं धुतलेली नऊवारी ओलीच असती, टेम्पोत टाकली तर कुबट होती. मग दोघी जणी एकेक टोक धरून चालायला लागतात, एक पुढं एक मागं, साडी मधी वाऱ्यावर, तोंडानं अभंग चालूच. अर्ध्या तासात वाळती. मागची बाई कोण असंल ते ठरलेलं नसतं, जी जवळ असंल तिच्या हातात टोक द्यायचं. विचारायचंसुद्धा नाही.

वाटेवर आम्हाला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न म्हणजे, "तुमच्याकडं पडला का?" पाऊस म्हणायची गरजच नाही. सगळेच अर्धा जीव शेतात ठेवून आलेले. कुणाची सरकी लावून झालेली आणि पावसानं ताण दिलेला, कुणाची सोयाबीनची बॅग घरातच पडून. घरून फोन आला की सगळे त्या माणसाच्या तोंडाकडं बघणार. खर्ड्याच्या अलीकडं आमच्या दिंडीतल्या एका बापूंना फोन आला की गावात चांगला झाला, तर त्यांच्या गावाशी काही घेणंदेणं नसलेल्या माणसांनी रस्त्यातच फुगड्या घातल्या. स्वतःच्या शिवारात ढग नाही आणि दुसऱ्याच्या पावसाला फुगडी!

पण देणारा फुकट कधीच देत नाही बरं का, प्रत्येक जण एक काम सांगतो, "आमचा दंडवत सांगा देवाला." केळीवाली सांगते, चहावाला सांगतो, पाय चेपणारी पोरं सांगतात. मी हो हो म्हणून पुढं जायचे. मला वाटायचं बोलायची पद्धत आहे. पंढरपूरला पदस्पर्शाची रांग इतकी लांब होती की एकादशीला तिथं लागण्यात अर्थ नव्हता, बरेच वारकरी कळसाचं दर्शन घेऊनच माघारी फिरतात, आम्हीपण चंद्रभागेत स्नान करून नामदेव पायरीपाशी आलो. आणि तिथं आत्याबाई हात जोडून बोलायला लागल्या. "पांडुरंगा, रायमोह्याच्या डोंगरातल्या पाणीवालीचा दंडवत घे. पाटोद्याच्या चप्पल शिवणाऱ्याचा घे, त्यानं पैसं घेतलं नाहीत. परंड्याच्या मास्तरांचा घे, त्यांच्या बायकोला बरं नाही." एकेक. मागनं रेटारेटी चाललेली, एक पोलीस मावशी पुढं चला पुढं चला म्हणतेय, आणि ह्या हालंनात. त्या पोलीस मावशीनं ऐकलं काय चाललंय आणि ती पण थांबली, म्हणली, "आज्जी, माझा पण सांगा, मी ड्युटीवर हाय." तिचाही सांगितला. स्वतःसाठी काय मागितलं ते मला ऐकू आलं नाही, मागितलं का नाही तेही माहीत नाही.

द्वादशीला बारस सोडली आणि गावाकडची एसटी धरली. उभं राहायला जागा नव्हती, एका पोरानं उठून आत्याबाईंना सीट दिली, त्यांनी लगेच घेतली, नको बाबा बस तू वगैरे काही नाही. टेंभुर्णीच्या पुढं डोळा लागला असंल नसंल, तोच त्यांनी मला कोपरानं ढोसलं.

"अगं, ती दिघोळची राहिली की! बिस्किटाचा पुडा देणारी, लेकरू काखंत होतं ती."

मी म्हणलं, आत्या, इथूनच हात जोडा, देवाला पोचतंय.

"इथनं कसं सांगू, गाडीत," म्हणल्या, आणि जरा विचार करून, "राहू दे. पुढच्या साली दोनदा सांगते. तू ध्यानात ठेव, दिघोळ, बिस्कीट."