सोलार भाड्याचं की स्वतःचं? आमच्या गच्चीचा निर्णय

गेल्या मे महिन्याचं लाइट बिल पाच हजारांच्या वर गेलं. नेरूळला सिडकोच्या रो-हाऊसमध्ये आम्ही तिघं राहतो: मी, हे आणि ८१ वर्षांच्या सासूबाई. त्यांच्या खोलीतला एसी उन्हाळ्यात बंद ठेवणं शक्यच नाही. नेमका तेव्हाच एका कंपनीचा मुलगा दारात आला. "काकू, एक रुपया भरायचा नाही. पॅनेल आमची, दुरुस्ती आमची. तुम्ही फक्त युनिटचे पैसे द्यायचे."

दर युनिटला साडेसहा रुपये, करार २० वर्षांचा. आमचा वापर महिन्याला सरासरी ३४० युनिट, आणि महावितरणचा दर १०० युनिटांनंतर एकदम चढतो. त्यामुळे साडेसहा हा आकडा खरंच स्वस्त होता. हे तर सही करायलाच बसले होते. निवृत्तीनंतर साठवणीतल्या पैशाला हात लावायची त्यांना धास्ती वाटते, आणि ती मला पटते.

मी करारपत्र ठेवून घेतलं आणि दोन रात्री बसून १४ पानं वाचली. पैसे वापरलेल्या नव्हे, पॅनेलवर तयार झालेल्या प्रत्येक युनिटचे द्यायचे होते. दर वर्षाला ३ टक्के वाढणार, म्हणजे विसाव्या वर्षी ११ रुपये ४० पैसे. पण माझा जीव अडकला तो गच्चीच्या कलमात. आमच्याकडे चार-पाच वर्षांनी वॉटरप्रूफिंग करावंच लागतं. इथला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना त्याचं कारण सांगायला नको. त्यासाठी पॅनेल उतरवली तर काढण्या-बसवण्याचा खर्च आमचा, आणि त्या दिवसांत न झालेल्या विजेची भरपाईही आम्हीच द्यायची! घर विकलं तर घेणाऱ्याने करार स्वीकारायचा, नाहीतर उरलेल्या वर्षांची रक्कम आम्ही भरायची. आधीच जमीन सिडकोची, भाडेपट्ट्याची. विक्रीला त्यांची परवानगी लागतेच. त्यावर हे आणखी एक लोढणं कशाला?

मग विकतचा हिशोब मांडला. तीन किलोवॉट क्षमतेच्या पॅनेलला १ लाख ९५ हजारांचं कोटेशन मिळालं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असं ७८ हजारांचं अनुदान आहे. तीनच्या पुढे ते वाढत नाही, म्हणून आम्हीही तीनवरच थांबलो. खिशातून जाणार १ लाख १७ हजार. आमच्या हवेत एका किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धरतात. तीनचे वर्षाला साधारण ४,३०० झाले. भाड्याच्या दराने पहिल्या चार वर्षांतच कंपनीला जवळजवळ १ लाख १७ हजार गेले असते, आणि पुढची सोळा वर्षं बाकीच. हा कागद यांच्यासमोर ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एफडी मोडू या."

ठाण्यात नणंदेच्या सोसायटीने मात्र भाड्याचाच मार्ग घेतला, आणि त्यांच्यासाठी तो बरोबर आहे असं मला वाटतं. एवढ्या सभासदांकडून एकरकमी वर्गणी काढणं सोपं नसतं. गच्चीची जबाबदारी कोणाची, ते त्यांनी सही करण्यापूर्वीच लिहून घेतलं.

आमचं घोडं अडलं वेगळ्याच ठिकाणी. मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर होतं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, बिल भरत होतो, नाव बदलायचं राहूनच गेलं. वीजजोडणी, अर्ज आणि बँक खातं यांवरचं नाव एकच हवं. मृत्यूचा दाखला आणि घराचे कागद देऊन नाव बदलण्यातच जून गेला. ज्यांना सोलार करायचंय त्यांनी आज पहिल्यांदा बिलावरचं नाव बघावं.

त्यानंतर योजनेच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी केली आणि नोंदणीकृत विक्रेत्यांच्या यादीतून एक निवडला. पॅनेल बसायला दोन दिवस पुरले. खाडी जवळ आहे, लोखंड लवकर गंजतं, म्हणून सांगाडा चांगला जस्त चढवलेला घेतला आणि स्लॅबला भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा करून घेतला. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर, लागेपर्यंत नवरात्र उजाडलं, अनुदान त्यानंतर खात्यात आलं.

दुपारची जास्तीची वीज आता महावितरणकडे जाते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते. थंडीतलं बिल स्थिर आकार धरून काहीशेच आलं. वीज गेली की मात्र आमचं सोलारही बंद पडतं: लाइनवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर आपोआप थांबतो. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. ऊन एवढं लख्ख असताना पंखा का बंद, असं त्या विचारत राहिल्या. त्यांच्या खोलीपुरती बॅटरी मागच्या महिन्यात वेगळी घेतली.

शेजारच्या काकांकडेही आता तोच मुलगा येऊन गेलाय. माझं पेन्सिलीच्या खुणा केलेलं करारपत्र त्यांनी वाचायला नेलं आहे.