मावशीचा एकच प्रश्न

कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून मी बावीस वर्षं अर्ज टाइप करतोय. आधी मशीन होतं, आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसाचे दाखले, नकलेचे अर्ज. 'मयत' हा शब्द या बोटांनी किती हजार वेळा उमटवला असेल, सांगता येणार नाही. गेल्या वर्षी सोलापूरच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी आठ दिवस तोच शब्द माझ्या मावसभावाच्या नावाआधी टाइप करायची वेळ आली आणि बोटं चालेनात. मावशी शेजारी स्टुलावर बसली होती. "काय लिहिलास?" तिनं विचारलं. "त्याचं नाव," एवढंच मी म्हणालो.

ते नाव इथं लिहीत नाही. मावशीनं नको म्हटलंय. पेपरात 'संशयित' म्हणून छापून आलं तेवढं पुरे झालं, म्हणते.

तो पिकअप चालवायचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे भरून न्यायचा आणि रिकामी गाडी घेऊन रात्री परत यायचा. त्या रात्री दुसऱ्या जिल्ह्यात नाकाबंदीवर त्याला गोळी लागली. पोलिसांचं म्हणणं असं की इशारा करूनही तो थांबला नाही, गाडी अंगावर घातली, म्हणून स्वसंरक्षणासाठी एक गोळी झाडली. त्याच्यावर आधीचा एकही गुन्हा नव्हता. घरी कळवलं ते पोलिसांनी नाही. सकाळी गाडीमालकाचा फोन आला, तेव्हा कळलं. पहिली एफआयआर झाली तीही त्याच्याचवर, खुनाचा प्रयत्न केला म्हणून. आरोपीच्या रकान्यात त्याचं नाव आणि त्यापुढे कंसात 'मयत'.

ती एफआयआर मी मावशीला तिच्या घरी वाचून दाखवली. मावशी विडी कामगार आहे, चाळीस वर्षं तेच काम. मांडीवर सूप, ओल्या फडक्यात तेंदूची पानं, फर्मा ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा. मी वाचत होतो आणि तिचे हात चालू होते. वाचून संपलं तेव्हा तिनं हातातली विडी बांधून सुपात ठेवली आणि विचारलं, "गोळी पुढनं लागली का मागनं?"

त्या कागदात हे नव्हतं.

गाडी अंगावर घातली असेल तर गोळी पुढून यायला पाहिजे, समोरची काच फुटायला पाहिजे. एवढं सरळ आहे. गाडीमालकानं ठाण्याच्या आवारात गाडी पाहिली होती. तो म्हणाला, समोरची काच शाबूत आहे, ड्रायव्हरच्या बाजूची फुटलीय. यावरून काय घडलं ते मी ठरवत नाही. ते ठरवायचंच काम कुणीतरी नीट करावं, एवढंच आमचं मागणं आहे.

या मालकाबद्दल लिहायलाच हवं. गाडीवर फायनान्सचं कर्ज, महिन्याला हप्ता. सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टाला हमी लिहून देऊन, गाडी सोडवून घ्या, असं त्याला सगळेच सांगत होते. मावशी त्याच्या घरी गेली आणि म्हणाली, "दादा, लॅबची माणसं बघून जाईपर्यंत गाडी तिथंच राहू द्या. काच बदलली की माझ्या लेकराचं काही उरत नाही." त्याची बायको आतून ऐकत होती. तो काही बोलला नाही. पण चार महिने त्यानं गाडी सोडवली नाही. हप्ते भरत राहिला, दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून गेला. आमच्या सख्ख्या नात्यातली काही माणसं तेव्हा घराकडे फिरकत नव्हती.

कायदा मला अर्ज टाइप करण्यापुरता येतो. रात्री बसून बाकीचा वाचला. पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेनं लढवलेल्या, पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०१४ रोजी सोळा सूचना घालून दिल्या. पोलिसांच्या गोळीनं माणूस मेला तर एफआयआर नोंदवायची. तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकानं करायचा. शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयात दोन डॉक्टरांनी करायचं आणि त्याचं चित्रीकरण जपून ठेवायचं. गोळी झाडलेलं हत्यार तपासणीला जमा करायचं. जवळच्या नातेवाइकांना लवकरात लवकर कळवायचं. दंडाधिकारीय, म्हणजे मॅजिस्ट्रेटची, चौकशी प्रत्येक वेळी करायची. आणि यातलं काही झालं नाही, तर कुटुंबानं थेट सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करायची. ही शेवटची सूचना वाचली तेव्हा मी मावशीला रात्री साडेअकराला फोन केला.

आणखी एक गोष्ट तिला सांगितली. ज्याच्यावर फाशीचा किंवा जन्मठेपेचा गुन्हा नाही, अशा माणसाला अटक करताना त्याचा जीव घ्यायचा अधिकार कायदा पोलिसांना देत नाही. मावशी म्हणाली, "मग हे आधी का कुणी सांगितलं नाही?"

बदलापूरच्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तोही २३ सप्टेंबरलाच, २०२४ साली. पीयूसीएलच्या निकालाला त्या दिवशी बरोबर दहा वर्षं झाली होती. शाळेतल्या लहान मुलींवर अत्याचार केल्याचा त्याच्यावरचा आरोप भयंकर होता. त्याच्या आईवडिलांनी मध्येच उच्च न्यायालयाला सांगितलं की आम्हाला हे पुढे चालवायचं नाही. तरी कोर्टानं ते सोडलं नाही आणि ७ एप्रिल २०२५ रोजी विशेष तपास पथक नेमायला सांगितलं. आईवडिलांनी माघार घेतल्याचं ऐकून पुष्कळांनी नावं ठेवली. मावशीनं नाही ठेवली. "दमली असतील," म्हणाली. मुंबईत पोलिसांच्या बनावट चकमकीत मारल्या गेलेल्या रामनारायण गुप्ताच्या प्रकरणात त्याचा भाऊ स्वतः वकील होता. २००६ च्या नोव्हेंबरात गोळीबार, २०१३ मध्ये सत्र न्यायालयात १३ पोलिसांसह २१ जणांना शिक्षा आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९ मार्च २०२४ ला. घरात वकील असून सतरा वर्षं. आमच्या घरात टायपिस्ट आहे.

सोलापुरात पोरांना शाळेतच ८ मे १९३०चा इंग्रजांच्या पोलिसांचा गोळीबार शिकवतात. त्या दिवशी शंकर शिवदारे गेला. मावशीची नात तो धडा पाठ करत बसली होती आणि मधेच थांबून माझ्याकडे बघायला लागली. मी काहीच बोलू शकलो नाही.

दंडाधिकारीय चौकशीची जाहीर नोटीस पेपरात आली होती, पण त्या जिल्ह्याच्या आवृत्तीत. ज्यांना काही माहिती द्यायची असेल त्यांनी अमुक तारखेपर्यंत हजर राहावं, असा बोटभर मजकूर. आमच्या वकील मॅडमच्या ज्युनिअरनं फोटो पाठवला म्हणून समजलं. मुदतीला तीन दिवस उरले होते. मावशीनं विड्यांचं काम बाजूला ठेवलं, पहाटेची एसटी धरली. सोबत तिची मुलगी आणि मी.

मला आत सोडलं नाही. चौकशीच्या वेळी मयताच्या नातेवाइकांना हजर राहता येतं, पण कायद्यात नातेवाईक म्हणजे आईवडील, मुलं, भाऊबहीण आणि नवरा-बायको. मावसभाऊ त्यात बसत नाही. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलोय. मी बाहेरच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन दोन तास बसलो.

मावशी बाहेर आली तेव्हा पदरानं तोंड पुसत होती. "साहेबांनी लिहून घेतलं," म्हणाली. काय लिहून घेतलं, ते विचारायची गरज नव्हती. तिनं जबाबाची सुरुवातच त्या प्रश्नानं केली होती, असं बहिणीनं नंतर सांगितलं. मागं पुढं काही नाही, आधी तेच.

त्या चौकशीचा अहवाल अजून आम्हाला मिळालेला नाही. शवविच्छेदनाची नक्कल मिळाली, तिच्यात जखमेची जागा वाचता येत नाही, झेरॉक्स काळी आली आहे. जखमेभोवती काजळी होती का, म्हणजे गोळी जवळून झाडली होती का, ती ओळही त्याच काळ्या पट्ट्यात गेली आहे. वकील मॅडम म्हणतात, इथून काम पुढं सरकलं नाही तर कोल्हापूरला जाऊ. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथं सुरू झालंय, आता मुंबईची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरायला नको.

आज दुपारी स्पष्ट वाचता येईल अशा नकलेसाठी तिसरा अर्ज टाइप केला. मावशी स्टुलावर बसली होती. सही करण्याआधी तिनं मला तो पूर्ण वाचायला लावला आणि म्हणाली, "खाली एक ओळ टाक. पुढनं का मागनं, तेवढं हातानं लिहून दिलं तरी चालेल म्हणावं."

टाकली.