‘नीट तपासा’ म्हणजे नेमकं काय?

पगाराची फाईल बँकेच्या पोर्टलवर चढवायचं काम आमच्या ऑफिसात सहा वर्षं माझ्याकडे होतं. दर महिन्याला तेच काम, त्याच क्रमाने. लांबच्या रजेवर जाताना मी त्याची एसओपी, म्हणजे काम कोणत्या पायऱ्यांनी करायचं याचा कागद, लिहून ठेवली, चांगली दीड पानी. पाचव्या ओळीत लिहिलं होतं, ‘फाईल नीट तपासून अपलोड करावी.’ माझ्या जागी बसलेल्या मुलीने ती खरंच तपासली. उघडली, नावं वाचली, खाते क्रमांकाचा रकाना कुठे रिकामा नाही ना ते पाहिलं, आणि अपलोड केली. फाईल मागच्या महिन्याची होती. नोकरी सोडून गेलेल्या दोघांच्या खात्यात पगार जमा झाला आणि नव्याने लागलेल्या तिघांना मिळालाच नाही. त्यातल्या एकाचा तो आयुष्यातला पहिला पगार होता.

बोलणी तिने खाल्ली. ते मला अजून सलतं, कारण चूक माझ्या वाक्यात होती. मी स्वतः तपासते तेव्हा फाईलच्या नावातला महिना बघते, माणसांची संख्या हजेरीपत्रकाशी ताडते आणि तळाची बेरीज पगारपत्रकाच्या बेरजेशी जुळवते. हे सगळं माझ्या डोळ्यांना सवयीचं झालं होतं, म्हणून कागदावर उतरलंच नाही.

तेव्हापासून मी एकटीने बसून एसओपी लिहीत नाही. ज्याचं काम, त्याच्या शेजारी वही घेऊन बसते. आलेल्या मालाची नोंद करणाऱ्या माझ्या सहकारीजवळ अशीच एक सकाळ बसले होते. तिने मला आधी तोंडी क्रम सांगितला होता: चलान घ्यायचं, ऑर्डरशी जुळवायचं, नोंद करायची. प्रत्यक्षात चलान हातात आलं की ती सगळ्यात आधी ते उलटं करून मागची बाजू बघत होती. प्रत्येक वेळी. विचारलं तर म्हणाली, “अगं, माल कमी आला तर उतरवून घेणारे मागेच पेनाने लिहून ठेवतात ना!” ही गोष्ट तिच्या आधीच्या एसओपीत कुठेच नव्हती. सांगायची राहिली असंही नाही, आपण हे करतो याचंच तिला भान नव्हतं.

क्रियापदांबद्दल मी आता फार कडक झाले आहे. ‘तपासा’, ‘खात्री करा’, ‘लक्ष ठेवा’ हे शब्द दिसले की खोडते. कशाशी जुळवायचं, काय मोजायचं, ते लिहायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी सुरक्षा यादी काढली, ती मला यासाठी फार आवडते. एकोणीस मुद्दे आणि तीन थांबे: भूल देण्याआधी, पहिला छेद घेण्याआधी आणि रुग्णाला ऑपरेशन थिएटरमधून बाहेर नेण्याआधी. शेवटच्या थांब्यावर उपकरणं, स्पंज आणि सुया मोजून झाल्याचं नर्सने तोंडाने सांगायचं असतं. ‘सर्व ठीक आहे ना ते पाहावे’ असं तिथे लिहिलेलं नाही.

मीही पगाराच्या कामात तीन थांबे टाकले. फाईल तयार झाल्यावर, अपलोड करण्याआधी आणि अंतिम मंजुरीचं बटण दाबण्याआधी. प्रत्येक ठिकाणी एक आकडा कागदावर लिहायचा, नुसती बरोबरची खूण करायची नाही. खूण हात आपसूक करतो, आकडा लिहायला मात्र बघावंच लागतं.

स्क्रीनशॉट मी दोनच ठेवलेत. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की ते जुने होतात आणि वाचणारा गोंधळतो.

लिहून झालं की ज्याने हे काम कधीच केलेलं नाही अशा माणसाला कागद द्यायचा आणि मागे गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला फार जड जातं. तो जिथे अडेल तिथे पेन्सिलने खूण करायची.

पगाराच्या नव्या एसओपीसाठी मी त्याच मुलीला विचारलं. ती लगेच हो म्हणाली, याचं मला फार बरं वाटलं. दुसऱ्या थांब्यापर्यंत ती सुरळीत आली. मग थांबून तिने विचारलं, “मॅडम, बेरीज जुळली नाही तर काय करायचं?”

बेरीज जुळली तर काय करायचं, एवढंच मी लिहिलं होतं.

ती ओळ तिनेच लिहिली: ‘बेरीज जुळली नाही तर अपलोड करू नये. फरकाची रक्कम लिहून लेखा प्रमुखांना फोन करावा.’ कागदाच्या तळाशी ‘तयार करणारे’ या शब्दांपुढे आता तारखेसह आम्हा दोघींची नावं आहेत.