पावसाळ्यात एमजीएचं कार्पेट

म्हापशाला आमच्या गॅरेजात आलेल्या या एमजीएचं, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं, कार्पेट तसं नवंच होतं. लोकरीचं तयार किट, कडांना रेक्झिनची पट्टी, शिवण सरळ. तरी दार उघडलं की ओल्या गोणपाटाचा वास यायचा. डावी सीट काढून कार्पेट उचललं, तर खालचा ज्यूटचा फेल्ट पिळला तर पाणी निघेल इतका भिजलेला. त्याखालच्या फळीत स्क्रूड्रायव्हर सहज घुसला.

फळी म्हणायचं कारण, एमजीएचा (१९५५ ते १९६२) मजला पत्र्याचा नाही. चॅसिसच्या कडेवर प्लायवूडच्या फळ्या बोल्टने बसवलेल्या असतात. पुढच्या एमजीबीला पत्र्याचा मजला आला, त्यामुळे एमजीबीवर हात बसलेला कारागीर इथे चकतो. फळी आणि चॅसिसमधली सीलची पट्टी कुजली की चाकाने उडवलेलं पाणी खालून वर येतं. त्यात किनाऱ्यावरची वाळू. वाळूबरोबर मीठ येतं, आणि मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. कार्पेट वरून कितीही वाळवा, फेल्ट ओलाच राहणार.

नवी फळी १२ मिलिमीटर मरीन प्लायची, जुनी साचा म्हणून वापरून कापलेली. वॉर्निशचे तीन हात, कडांना आणि बोल्टच्या भोकांत आतून आणखी एक. पाणी शिरतं ते कडेतून, पृष्ठभागावरून नव्हे. फळी बसवताना खाली नवी रबरी पट्टी. मग उघड्या फळ्यांवर वर्तमानपत्र पसरून खालून होजने पाणी मारलं. कागद जिथे काळा पडतो तिथे गळती. एक जागा सापडली, पेडलजवळच्या कोपऱ्यात. ती बंद केली आणि कागद कोरा राहीपर्यंत कार्पेटला हात लावला नाही.

कार्पेट बसवायचा दिवस नेमका ऑगस्टमधला, बाहेर धार लागलेली, आणि मालकांना गाडी चतुर्थीला हवी. सकाळी पहिलं काम, सीटमागचं झाकण उघडून ६ व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या काढणं. कार्पेट चिकटवायला एसआर फेविकॉल, म्हणजे द्रावकातला रबरी गोंद; त्याची वाफ पेट घेते, ठिणगी नको. काढताना कुठली वायर कुठे होती ते लिहून ठेवलं, कारण कारखान्यातून या गाडीत बॉडीला प्लस जोडलेलं यायचं आणि सवयीचा हात मायनस जोडून मोकळा होतो. सीटचे बोल्ट एएफ मापाचे, म्हणजे डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर इंचात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३चा पाना लागतो खरा, पण गंजलेल्या बोल्टवर घसरून डोकं गोल करतो.

फेल्टच्या जागी एसीच्या डक्टला वापरतात तो बंद पेशींचा फोम घेतला, ६ मिलिमीटर. हा पाणी पीत नाही. गिअरबॉक्सवरच्या पत्र्याच्या टनेलला आधी पत्र्याचं घुमणं दाबणारी ब्युटाइल रबराची शीट, मग फोम. मजल्याला ब्युटाइल नको, लाकूड पत्र्यासारखं घुमत नाही. डाव्या पायाकडे उष्णता जास्त, कारण या इंजिनाचा एक्झॉस्ट डाव्या अंगाला आहे. तिथे फॉइलवाला फोम, फॉइल खाली.

मालक म्हणाले, "मेस्त्री, आणखी एक थर घाला की. पायाला मऊ लागेल."

"भाई, थर वाढला की अॅक्सिलरेटर पुरता दाबला जायचा नाही. सीट सरकवायची पट्टीही अडकेल."

खरी अडचण फेविकॉलने केली. दोन्ही बाजूंना पातळ हात देऊन दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला तार येईनाशी झाली की दाबायचं, हा नेहमीचा रिवाज. शेडमध्ये नमुन्याच्या तुकड्यावर हात दिला तर थर पांढरट झाला. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं. असा थर हाताला सुका लागतो, चिकटतोही, पण काही दिवसांत कार्पेट फुगून सुटतं. हीटगनने सुकवू म्हणणारे भेटतात. ओल्या थरावर हीटगन म्हणजे आगीला आमंत्रण. गाडी ढकलून एसीच्या बंद खोलीत नेली, हवा कोरडी होऊ दिली, मग ठिणगी नको म्हणून एसी बंद करून आणि वाफ साठू नये म्हणून दारं उघडी टाकून एकेक तुकडा लावला. वेळ जास्त गेला, पण पांढरेपणा आला नाही.

आधी टनेल. मध्यरेषा खडूने आखून मधून बाहेरच्या बाजूंना दाबत जायचं. गिअर लिव्हरसाठी गोल भोक पाडायचं नाही, लहान फुलीचा छेद द्यायचा आणि लागेल तसा वाढवायचा. टनेलवरचा रबरी बूच झाकला जाता कामा नये, गिअर ऑइलची डिपस्टिक त्याखाली असते; तिथे तीन बाजूंनी कापलेली झडप ठेवली. बोल्टच्या भोकांना ड्रिल अजिबात नाही. लूपचा एक धागा ड्रिलला गुंडाळला की ओळच्या ओळ उसवते. टोच्याने भोक पाडावं. कडेच्या शिवणीला पॉलिएस्टर दोरा. सुती दोरा इथल्या हवेत कुजतो.

मजल्याचे तुकडे चिकटवलेच नाहीत. टिच बटणांवर बसवले, म्हणजे पावसात उचलून वाळवता येतात. हेडलाइट डिप करायचं पायाजवळचं स्विच मोकळं राहील एवढी खाच ठेवली.

शेवटी एकाने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, दुसऱ्याने बॉनेट उघडून दोन्ही एसयू कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलची टोकं स्टॉपरला लागतात का ते पाहिलं. लागत नव्हती. टाचेखालचा फोम तेवढा काढला, मग लागली. मालकांना वर रबरी मॅट हवी होती. ती उन्हाळ्यात टाका म्हटलं. पावसात मॅटखालचं पाणी कुठेच जात नाही.