हात लावा

गुरुवार, रात्री उशिरा

नखांतला शाडू अजून निघालेला नाही. आर्ट कॉलेजच्या पोताच्या, म्हणजे टेक्स्चरच्या, सबमिशनसाठी आज दिवसभर एकच उद्योग केला. तोच शाडू, तेवढाच ओला, आधी प्लायवर थापला, मग गोणपाटावर. संध्याकाळपर्यंत प्लायवरचा थर कडेने सुटून वर वळायला लागला. गोणपाटावरच्या मातीला मात्र तागाच्या धाग्यांनी धरून ठेवलं, तिथे पडल्या त्या बारीक बारीक भेगा. पाणी उडतं, माती आकसते आणि आकसताना तिला खालून किती अडवलं जातं त्यावर भेग ठरते. हे बघितल्यावर दुकानातून आणलेल्या तयार टेक्स्चर पेस्टचा डबा कपाटात ढकलला. ती पेस्ट चाकूने ओढली की हवी तशी उठते, पण त्या उठण्यामागे काही घडलेलं नसतं. वर्गातल्या निम्म्या लोकांना हे पटत नाही, न पटो.

जेवणानंतर डोळ्यांवर ओढणी बांधली आणि साठवलेले सगळे तुकडे चाचपत बसले. काथ्या, पत्रा, भुसा घालून वाळवलेलं फेविकॉल, पॉलिश पेपर. एक गंमत कळली. बोट नुसतं टेकवून ठेवलं तर अगदी बारीक पॉलिश पेपर आणि साधा कागद यांत फरकच लागेना. जरासं सरकवलं की लगेच लागला. इतका बारीक पोत बोटाला कंपनांतून कळतो आणि कंपनं बोट हललं तरच उठतात. डेव्हिड काट्झ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२५ मध्येच हे मांडलं होतं. काथ्याला अर्थात असली गरज नाही, तो टेकताक्षणी टोचतो. पत्रा गार लागला आणि प्लाय कोमट, दोन्ही एकाच खोलीत पडलेले असून. पत्रा हाताची ऊब पटकन ओढून घेतो, एवढंच.

लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकात चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांच्या ‘जखमा’ मालिकेतली चित्रं आहेत, १९७०च्या दशकातली. मातीच्या किंवा मेणाच्या पाटीवर वार करायचे, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यात कागदाचा लगदा दाबायचा. पांढऱ्यावर पांढरं. रंग जवळजवळ नाहीच, उजेड तिरका पडला की मगच वार दिसतात. छापील पानावरून मी दोनतीनदा बोट फिरवलं. हाताला अर्थातच गुळगुळीत आर्टपेपर लागला आणि राग आला. शिल्पकार मृणालिनी मुखर्जींच्या दोराच्या, गाठी मारमारून उभ्या केलेल्या त्या थोराड आकृतींचंही तेच. बघताना हात शिवशिवतो आणि गॅलरीत शेजारी पाटी असते, ‘हात लावू नये’. कारण खोटं नाही. हाताचा घाम, तेलकटपणा कागदाला आणि धाग्याला खातो. पण मग पोताचं काम फक्त डोळ्यांनी बघायचं?

म्हणून सबमिशनला भिंतीवर कमरेच्या उंचीला लगद्याचा एक लांब पट्टा लावायचा, काही ठिकाणी काथ्या, काही ठिकाणी शाडू दाबलेला. येणाऱ्याने हात फिरवत पुढे जायचं. सर म्हणाले, मळेल, झिजेल. झिजू दे की. महादेवाच्या देवळातल्या नंदीची पाठ हात लागून लागून तुळतुळीत झालेली असते, तिला कुणी खराब झाली म्हणत नाही. सरांनी यावर फक्त चष्मा पुसला. होकार समजायचा का, देव जाणे.

लगद्यात मेथी घालणार आहे. आमच्याकडे जुन्या टोपल्यांना कागदाचा लगदा लिंपायचे तेव्हा त्यात वाटलेल्या मेथ्या असायच्याच. त्यांच्या बुळबुळीतपणामुळे लगदा धरतो आणि कडूपणामुळे कीड लागत नाही. वासावरून रूममेटशी भांडण होणार हे नक्की. मेथ्या भिजत घातल्यात. सकाळी वाटायला कँटीनच्या मावशींचा मिक्सर मागायचाय. मागच्या वेळी मी त्यात वर्तमानपत्र फिरवलं होतं, ते त्या विसरल्या असतील असं वाटत नाही.